भाकरी कोणी फिरवायची होती?

२० एप्रिल २०१८ रोजी, शुक्रवारी सकाळी, लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबने आपले प्रशिक्षक आर्सेन वेंगर हंगामाच्या अखेरीस पद सोडणार असल्याचे जाहीर केले. निवेदन वेंगर यांच्याच नावाने होते. क्लबशी चर्चा करून आणि पूर्ण विचारांती, थांबण्याची हीच योग्य वेळ आहे असे आपल्याला वाटते, असा त्याचा आशय होता. कराराचे एक वर्ष अजून शिल्लक होते. पुढच्या काही दिवसांत पत्रकारांनी छेडले तेव्हा मात्र वेंगर यांनी मोजक्या शब्दांत सांगून टाकले की ही वेळ काही आपण निवडलेली नाही. म्हणजे जवळजवळ बावीस वर्षांच्या कारकिर्दीचा शेवट हकालपट्टीने झाला होता आणि त्या हकालपट्टीवर राजीनाम्याची शाल पांघरण्यात आली होती. शाल-श्रीफळ हाती देऊन माणसाला घरी पाठवण्याची रीत आपल्याला नवी नाही. ती लंडनमध्येही चालते, एवढेच तेव्हा कळले.

घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली, या जुन्या कोड्याचे उत्तर आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते: न फिरवल्याने. वेंगर यांच्याबद्दल त्यांच्या अखेरच्या सात-आठ वर्षांत हेच निरनिराळ्या शब्दांत म्हटले जात होते. माणूस फार काळ राहिला, जुना झाला, वेळेवर गेला नाही. निदान चुकीचे नाही. वेंगर यांना जावे लागले ते योग्यच झाले, किंबहुना ते आणखी तीन-चार वर्षे आधी व्हायला हवे होते, असे माझेही मत आहे. पण या कोड्यात एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. भाकरी स्वतःहून उलटत नाही. ती करपली तर तव्यापाशी बसलेल्याचे लक्ष कुठे होते, हे विचारावे लागते. आर्सेनलमध्ये तव्यापाशी बसलेल्यांनी ती करपू दिली, करपत असतानाही तिचे पैसे मोजून घेतले, आणि शेवटी सगळे खापर भाकरीवर फोडले, असे माझे म्हणणे आहे.

वेंगर १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये आले तेव्हा इंग्लंडमध्ये त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. लंडनच्या एका सायंदैनिकाने ‘आर्सेन कोण?’ अशा अर्थाचा मथळा दिला होता. फ्रान्समध्ये मोनॅकोला त्यांनी १९८८ मध्ये विजेतेपद मिळवून दिले होते, त्यानंतर ते जपानमध्ये नागोयाच्या संघाकडे गेले होते आणि तिथून थेट उत्तर लंडनमध्ये आले होते. मोनॅकोचा प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. १९९४ मध्ये बायर्न म्युनिकने त्यांना मागणी घातली तेव्हा मोनॅकोने त्यांना सोडले नाही, त्यांनीही करार मोडला नाही, आणि नवा हंगाम सुरू होऊन काही आठवडे होताच त्याच मोनॅकोने त्यांना काढून टाकले. करार पाळणाऱ्याच्या पदरात काय पडते याचा धडा त्यांना तेव्हाच मिळाला होता. तरी पुढे आयुष्यभर त्यांनी करार पाळले. हा त्यांचा मोठेपणा म्हणायचा की भाबडेपणा, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

त्यांचा पहिला सामना ब्लॅकबर्नला होता. संघ २-० असा जिंकला. पण लंडनला परतणाऱ्या बसमध्ये मागच्या बाकांवरून खेळाडू एका सुरात ओरडत होते: आमची चॉकलेटे आम्हाला परत द्या. नव्या साहेबांनी सामन्याआधीची गोड वडी बंद केली होती आणि तिच्या जागी उकडलेले मासे, वाफवलेल्या भाज्या, पास्ता आणि घास नीट चावून खाण्याची सूचना आणली होती. हे आज वाचताना हसू येते, कारण आज कोणत्याही जिल्हा पातळीच्या संघाचा प्रशिक्षक मुलांना असलेच काहीतरी सांगत असतो. पण तेव्हाच्या इंग्लंडमध्ये सामन्यानंतर दारूच्या गुत्त्यात जाणे हा संघभावनेचा भाग मानला जात होता, आणि क्लबचा कर्णधार टोनी अ‍ॅडम्सने आपण दारूच्या आहारी गेलो असल्याची कबुली नुकतीच दिलेली होती. वेंगर यांनी त्याच अ‍ॅडम्सला आणि त्याच्या बरोबरीच्या जुन्या बचावफळीला मोडीत काढले नाही. आहार, शरीर ताणण्याचे व्यायाम आणि विश्वास यांच्या बळावर त्यांनी त्या तिशी ओलांडलेल्या खेळाडूंची कारकीर्द काही वर्षांनी लांबवली. पुढे त्यांनी फ्रान्स आणि आफ्रिकेतील खेळाडूंच्या बाजारपेठेची आपली माहिती वापरली. निकोलस अनेल्काला पाच लाख पौंडांत घेतले आणि दोन-अडीच वर्षांत दोन कोटींहून अधिकाला विकले. त्या पैशांतून क्लबचे नवे सराव मैदान उभे राहिले आणि थिएरी हेन्रीही आला. कोलो टूरे दीड लाख पौंडांत आला आणि अपराजित संघाचा बचावपटू झाला.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात: १९९८, २००२ आणि २००४ ची साखळी विजेतेपदे, एकूण सात एफए कप (इंग्लंडमधल्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा), आणि २००३-०४ चा तो हंगाम, ज्यात संघाने ३८ पैकी २६ सामने जिंकले, १२ बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. हंगामभर न हरणे शक्य आहे, असे वेंगर २००२ मध्ये बोलून गेले तेव्हा त्यांची यथेच्छ टिंगल झाली होती. अपराजित मालिका ४९ सामन्यांवर, ऑक्टोबर २००४ मध्ये, मँचेस्टरला थांबली.

इथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. वेंगर यांची सुरुवातीची आघाडी ही ज्ञानाची आघाडी होती. इतरांना जे ठाऊक नव्हते ते त्यांना ठाऊक होते. अशी आघाडी फार काळ टिकत नाही, कारण ज्ञान चोरायला कुलूप फोडावे लागत नाही. दहा वर्षांत प्रत्येक क्लबकडे आहारतज्ज्ञ आले, प्रत्येकाचे हेर फ्रान्सच्या दुय्यम साखळीतले सामने पाहू लागले, आकडेवारीचे विभाग उघडले. शिष्य गुरूच्या बरोबरीला आले आणि त्यांच्याकडे पैसा गुरूपेक्षा अधिक होता. २००३ मध्ये रशियन धनाढ्य रोमन अब्रामोविच यांनी चेल्सी विकत घेतला, २००८ मध्ये अबुधाबीच्या राजघराण्याने मँचेस्टर सिटी. घसरण म्हणजे माणूस खाली येणे असे आपण धरून चालतो. पुष्कळदा माणूस होता तिथेच असतो आणि जमीन वर आलेली असते.

आता स्टेडियमकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे.

हायबरी हे आर्सेनलचे १९१३ पासूनचे मैदान. देखणे, दाटीवाटीच्या वस्तीतले, आणि जेमतेम ३८ हजार प्रेक्षकांचे. मँचेस्टर युनायटेड प्रत्येक सामन्याला त्याच्या दुपटीच्या आसपास तिकिटे विकत असताना आर्सेनलला मोठे व्हायचे असेल तर मोठे मैदान हवे, हे उघड होते. सुमारे ३९ कोटी पौंड खर्चून थोड्याच अंतरावर ६० हजार आसनांचे नवे स्टेडियम उभे राहिले आणि २००६ मध्ये क्लब तिकडे गेला. जुन्या मैदानाच्या भिंतींच्या आत सदनिका झाल्या. या बांधकामासाठी बँकांचे कर्ज काढले होते, आणि वेंगर यांनी नंतर सांगितले त्याप्रमाणे, कर्ज देताना बँकांनी एक अट घातली होती: वेंगर यांनी पाच वर्षे क्लबमध्ये राहण्याचा करार करावा. या वाक्यावर क्षणभर थांबावे. विटा, सिमेंट आणि पोलाद यांच्या कर्जाला तारण म्हणून एका प्रशिक्षकाची सही मागण्यात आली. बँकेचा हिशेब अगदी बरोबर होता. तुटपुंज्या पैशांत संघाला दरवर्षी पहिल्या चारांत, म्हणजे चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या उत्पन्नात, ठेवू शकेल असा माणूस युरोपात दुसरा दिसत नव्हता.

त्या काळात त्यांना मोठमोठ्या क्लबांकडून बोलावणी आली आणि त्यांनी ती नाकारली. इथे खेळाडू मात्र जात राहिले. पॅट्रिक व्हिएरा २००५ मध्ये, हेन्री २००७ मध्ये, अदेबायोर आणि टूरे २००९ मध्ये मँचेस्टर सिटीकडे, फॅब्रेगास, नासरी आणि क्लिशी २०११ च्या एकाच उन्हाळ्यात, आणि २०१२ मध्ये कर्णधार रॉबिन व्हान पर्सी थेट मँचेस्टर युनायटेडकडे, जिथे त्याने पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवले. दरवर्षी मळणी झाली की धान्य सावकाराच्या घरी, अशातला हा प्रकार. तरीही गुणतालिका पाहा. २००६ पासून २०१५ पर्यंत संघ चौथा, चौथा, तिसरा, चौथा, तिसरा, चौथा, तिसरा, चौथा, चौथा, तिसरा आला. त्याआधी, १९९८ पासून २००५ पर्यंत, तो कधी पहिल्या दोघांच्या खाली गेला नव्हता. फक्त चषक मोजणारा या दोन रांगांमध्ये वैभव आणि पडझड पाहील. पहिल्या रांगेपेक्षा दुसरी कदाचित अधिक अवघड होती, असे मला वाटते. २०११ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टर युनायटेडने ८-२ असा धुव्वा उडवला, तेव्हा मैदानात जो संघ होता त्यातून मधल्या फळीचे दोन आधारस्तंभ नुकतेच विकले गेले होते. त्याच संघाने हंगामाच्या अखेरीस तिसरा क्रमांक मिळवला.

पण याच वर्षांनी खरे नुकसान केले. पैसे नसताना केलेली काटकसर शहाणपणाची असते. तिचीच पुढे सवय होते आणि सवयीचे तत्त्वज्ञान होते. चौथा क्रमांक मिळवणे हीसुद्धा एक प्रकारची ट्रॉफीच आहे, असे वेंगर म्हणू लागले. कर्जाच्या काळात ते अर्थशास्त्रदृष्ट्या खरेही होते (त्यांनी स्ट्रासबुर्गला अर्थशास्त्राचीच पदवी घेतली होती). संचालकांना तर हे वाक्य सोन्यासारखे वाटले असणार, कारण त्यांच्या ताळेबंदाचेच ते बोलके रूप होते. तिकिटे इंग्लंडमधल्या सर्वांत महागांपैकी, स्टेडियम भरलेले, युरोपातले उत्पन्न दरवर्षी ठरलेले, आणि चाहत्यांचा राग झेलायला एक उंच, सभ्य, पाच-सहा भाषा बोलणारा माणूस दर आठवड्याला पत्रकारांसमोर बसलेला. मालकाला यापेक्षा अधिक काय हवे असते?

मालक म्हणजे २०११ पासून बहुसंख्य भागभांडवल हाती असलेले अमेरिकन उद्योगपती स्टॅन क्रोएंकी. अमेरिकेत त्यांच्याकडे अन्य खेळांचे संघही आहेत. उंटावरून शेळ्या हाकणे हा वाक्प्रचार त्यांच्यासाठीच केला असावा. केवळ विजेतेपदे हवी असतील तर माणूस या व्यवसायात पडणारच नाही, अशा आशयाचे ते २०१६ मध्ये एका परिषदेत जाहीरपणे बोलले होते. त्यांच्या कंपनीने त्याआधी सलग दोन वर्षे सल्लामसलतीपोटी आर्सेनलकडून ३०-३० लाख पौंड घेतले होते. ज्या क्लबात प्रशिक्षकाला सल्ला देणारा एकही माणूस उरला नव्हता, त्या क्लबाने सल्ल्यावर साठ लाख खर्च केले.

सल्ला देणारा एक माणूस पूर्वी होता. उपाध्यक्ष डेव्हिड डीन यांनीच वेंगर यांना शोधून आणले होते, खेळाडूंच्या वाटाघाटी तेच करत आणि वेंगर यांच्या घरी जाऊन त्यांच्याशी वाद घालण्याइतकी त्यांची मैत्री होती. सोनारानेच कान टोचावे म्हणतात. आर्सेनलचा सोनार एप्रिल २००७ मध्ये संचालक मंडळाशी बिनसल्यामुळे बाहेर पडला. आपणही तेव्हाच जायला हवे होते का, हा प्रश्न वेंगर यांनी निवृत्तीनंतर स्वतःच उपस्थित केला आहे, आणि क्लबशी स्वतःला पूर्ण एकरूप करून घेणे ही आपली चूक होती असेही ते म्हणाले आहेत. डीन यांच्यानंतर खेळाडू कोण घ्यायचा, किती पगार द्यायचा, कोणाचा करार वाढवायचा, दुखापतग्रस्ताला कधी खेळवायचे, तरुणांच्या अकादमीचे काय करायचे, हे सारे एका माणसाच्या मेजावर साचत गेले.

त्याचे परिणाम पैसा परत आल्यावर दिसले. २०१३ मध्ये मेसुत ओझिल सव्वाचार कोटी पौंडांना आला, २०१४ मध्ये अ‍ॅलेक्सिस सांचेझ आला, नऊ वर्षांचा चषकांचा दुष्काळ एफए कपने संपला आणि पुढच्या वर्षी तो चषक पुन्हा मिळाला. हात सैल सोडण्याची वेळ हीच होती. २०१५ च्या उन्हाळ्यात वेंगर यांनी मुख्य संघासाठी फक्त एक खेळाडू घेतला, तोही गोलरक्षक, पेटर चेक. त्या हंगामात चेल्सी कोसळली, दोन्ही मँचेस्टर चाचपडत होते, आणि विजेतेपद लेस्टरने ८१ गुणांवर नेले. आर्सेनल ७१ गुणांसह दुसरे. वेंगर यांच्या बाजूने मी कितीही युक्तिवाद केला तरी या उन्हाळ्यापाशी माझी वकिली संपते. एक दमदार आघाडीवीर आणि एक मधल्या फळीतला रखवालदार, एवढ्याचीच उणीव होती, आणि ती पुण्या-मुंबईत टीव्हीसमोर बसलेल्या आमच्यासारख्यांनाही दिसत होती. त्यांना ती दिसली नसेल असे नाही. ‘साहेब, या वेळी तुमचे चालणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार क्लबात कोणाकडेच नव्हता, आणि अधिकार असलेल्याला इच्छा नव्हती.

याच्या उलट उदाहरण म्हणून मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचे नाव घेतले जाते. ते २०१३ मध्ये विजेतेपद जिंकून गेले. वेंगर यांनीही २००४ मध्ये, फार तर २०१४ मध्ये, असेच मानाने जायचे होते, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद मला दोन कारणांनी पटत नाही. एक तर, शिखर कोणते ते उतरून गेल्यावरच कळते. २००४ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी, अपराजित संघ हाताशी असताना, नव्या स्टेडियमचे काम चालू असताना जो प्रशिक्षक निघून गेला असता त्याला याच मंडळींनी पळपुटा म्हटले असते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. फर्ग्युसन वेळेवर गेले, पण त्यांच्या क्लबाचे काय झाले? त्यांचे वारसदार डेव्हिड मॉइस दहा महिन्यांत घरी गेले आणि मँचेस्टर युनायटेड पुढे कैक वर्षे चाचपडत राहिले. माणसाने वेळ साधली म्हणून संस्थेचे भागत नाही. फर्ग्युसन यांच्याकडून घ्यायचा धडा निराळाच आहे: ते दर काही वर्षांनी सहायक बदलत, नवा माणूस नव्या पद्धती घेऊन येई, आणि जुने खेळाडू पुन्हा जागे होत. वेंगर यांच्याकडे पॅट राइस १९९६ पासून २०१२ पर्यंत होते आणि बोरो प्रिमोराक अगदी अखेरपर्यंत. निष्ठा होती, जिव्हाळा होता. खिडकी मात्र एकच आणि तीही बंद.

मोठ्या प्रशिक्षकांच्या बाबतीत ही गोष्ट वारंवार घडते. ब्रायन क्लफ यांनी नॉटिंगहॅम फॉरेस्टसारख्या साध्या क्लबाला १९७९ आणि १९८० असे दोनदा युरोपचे विजेतेपद मिळवून दिले. क्लबात १८ वर्षे काढल्यावर, १९९३ मध्ये, त्यांचा संघ तळाला गेला आणि खालच्या साखळीत फेकला गेला. त्यांचे पिणे सर्वांना दिसत होते आणि त्यांना हाताला धरून बसवणारा कोणी नव्हता. त्याचे दुसरे टोक म्हणजे लेस्टर: क्लॉडिओ रानिएरी यांना अशक्य वाटणारे विजेतेपद मिळवून दिल्यानंतर नऊ महिन्यांत काढण्यात आले. एकीकडे देव्हाऱ्यात बसवून नुसती फुले वाहायची, दुसरीकडे नवस फळला नाही की मूर्तीच विहिरीत टाकायची. देवाला प्रश्न विचारता येत नाही. प्रशिक्षकाला विचारता यायला हवा, आणि दरवर्षी विचारता यायला हवा.

चाहत्यांचे काय? त्यांच्या कृतघ्नतेबद्दल बरेच लिहिले गेले. मार्च २०१७ मध्ये वेस्ट ब्रॉमविचच्या मैदानावरून आधी एक विमान वेंगर यांना नवा करार देऊ नका असा फलक घेऊन गेले आणि पाठोपाठ दुसरे त्यांच्यावर विश्वास व्यक्त करणारा फलक घेऊन. ‘वेंगर आउट’ ही पाटी तर जगभर फिरली. झिंबाब्वेमध्ये मुगाबे यांच्याविरुद्धच्या मोर्चातही कोणीतरी ती धरून उभा होता. मला त्या सगळ्यापेक्षा एक वेगळेच दृश्य अधिक लागते. वेंगर थंडीत घोट्यापर्यंत येणारा फुगीर काळा कोट घालत आणि त्याची चेन त्यांना नीट लावता येत नसे. सामना चालू असताना, पाऊस पडत असताना, साठीचा हा माणूस खाली वाकून चेनचे टोक खाचेत बसवण्याची धडपड करत असे, चेन अडकत असे, ते पुन्हा खाली ओढत, आणि कॅमेरा तिथेच खिळून राहत असे. त्या चित्रफिती लाखोंनी पाहिल्या आणि हसले. मीही हसलो आहे. ज्याने इंग्लंडला जेवायला शिकवले त्याची ओळख एका नव्या पिढीला कोटाच्या चेनशी झगडणारा म्हातारा अशी झाली, आणि ती होऊ देण्यात त्यांना पदावर तसेच बसवून ठेवणाऱ्यांचा वाटा हसणाऱ्यांपेक्षा मोठा आहे. चाहत्यांनी शब्द कठोर वापरले, काहींनी पातळी सोडली. पण संचालक मंडळाने जो प्रश्न बंद दाराआड विचारायचा तो विचारला नाही, म्हणूनच तो विमानाला बांधून आकाशात फिरवावा लागला.

२०१७ चा वसंत हा या प्रकरणातला सर्वांत लाजिरवाणा भाग, आणि तो वेंगर यांच्याइतकाच क्लबाचा आहे. बायर्न म्युनिकने आधी स्वतःच्या मैदानावर आणि मग लंडनमध्ये, दोन्ही वेळा ५-१ असे हरवले. दुसरा सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सव्वा वाजता सुरू झाला होता, आणि तो संपेपर्यंत जागे राहण्यात कोणते शहाणपण होते ते मला अजून सांगता येणार नाही. करार उन्हाळ्यात संपत होता. महिनोन् महिने घोंगडे भिजत ठेवले गेले. मुख्य कार्यकारी इव्हान गाझिदिस यांनी ही परिस्थिती बदलाला चालना देईल असे चाहत्यांना सांगितले. क्रीडा संचालक नेमण्याची चर्चा निघाली, तेव्हा वेंगर यांनी त्या पदाची खिल्ली उडवली: म्हणजे रस्त्यात उभा राहून खेळाडूंना डावी-उजवीकडे वळवणारा माणूस का, असे त्यांनी विचारले. संघ पाचवा आला. वेंगर यांच्या वीस पूर्ण हंगामांत पहिल्यांदाच पहिल्या चारांच्या बाहेर. मग २७ मे रोजी एफए कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीला २-१ ने हरवले, आणि ३१ मे रोजी दोन वर्षांचा नवा करार जाहीर झाला. एका दुपारच्या ९० मिनिटांनी नऊ महिन्यांचा पुरावा पुसून टाकला. इथे कोणी निर्णय घेतला असे म्हणणेच कठीण आहे. त्या चषकासह त्यांना निरोप देता आला असता. सात एफए कप हा कोणत्याही प्रशिक्षकाचा विक्रम. त्याहून चांगला मुहूर्त कोणता हवा होता?

पुढचे वर्ष वाढीव शिक्षेसारखे गेले. सांचेझ कराराच्या शेवटच्या महिन्यांत मँचेस्टर युनायटेडला देऊन टाकावा लागला. २५ फेब्रुवारी २०१८ रोजी लीग कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीने ३-० असे हरवले आणि चारच दिवसांनी, बर्फाळ रात्री, आर्सेनलच्याच मैदानावर पुन्हा ३-० असे. हे तीनही गोल मध्यंतराच्या आत झाले होते. त्या रात्री ओळीच्या ओळी रिकाम्या होत्या. विकल्या गेलेल्या तिकिटांच्या हिशेबाने मात्र उपस्थिती ५८ हजारांवर जाहीर करण्यात आली. चौथ्या क्रमांकाला ट्रॉफी म्हणण्याची सवय लागलेल्या क्लबाला रिकामी खुर्चीही भरलेली दिसावी, यात नवल नाही. पण रिकाम्या खुर्च्यांचे छायाचित्र प्रायोजकालाही दिसते, आणि पुढच्या वर्षीची तिकिटे घेणारालाही. मला वाटते, जे काम बायर्नच्या दहा गोलांनी झाले नाही ते त्या खुर्च्यांनी केले. सात आठवड्यांनी ते निवेदन आले. साखळीत संघ ६३ गुणांसह सहावा आला. त्याच वर्षी सिटीने १०० गुण केले.

यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो मी टाळणार नाही. वेंगर गेल्यावर क्लबाने मी म्हणतो तशीच रचना केली: एका माणसाचे काम अनेकांत वाटले, उनाय एमरी यांना केवळ मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमले, आणि ते दीड वर्षात गेले. त्यांच्यानंतर आलेले मिकेल आर्टेटा, वेंगर यांचेच एके काळचे कर्णधार, यांना २०२० मध्ये पुन्हा मॅनेजर हा जुना हुद्दा देण्यात आला. त्यांचा संघ दोनदा आठवा आला, तरी त्यांना ठेवण्यात आले, आणि मग तो वर चढला. म्हणजे अखेर एकाच माणसावर विश्वास टाकणे हाच मार्ग ठरला ना? मला तसे वाटत नाही. आर्टेटा यांच्याबरोबर खेळाडूंची खरेदी पाहणारा क्रीडा संचालक होता. वेंगर यांनी ज्याची टिंगल केली तेच पद. धीर धरणे आणि प्रश्न न विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धीर धरणारा रोज तव्याकडे पाहत असतो.

६ मे २०१८ रोजी बर्नलीला ५-० ने हरवल्यावर वेंगर यांनी मैदानातून अखेरचे भाषण केले. प्रत्येक खुर्चीवर त्यांचे आभार मानणारा लाल टी-शर्ट ठेवलेला होता आणि त्या दिवशी त्या खुर्च्या खरोखर भरलेल्या होत्या. अपराजित हंगामाची सोनेरी ट्रॉफी त्यांना भेट देण्यात आली. स्वतःबद्दल बोलण्याआधी त्यांनी आदल्या दिवशी मेंदूतील रक्तस्रावामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या फर्ग्युसन यांच्या प्रकृतीसाठी शुभेच्छा दिल्या, ज्यांच्याशी त्यांचे वर्षानुवर्षे भांडण होते. पुढे ते जागतिक फुटबॉल महासंघाच्या कामात गेले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये भुवनेश्वरला मुलांच्या अकादमीच्या उद्घाटनासाठी आपल्याकडेही येऊन गेले. आर्सेनलने त्यांचा साडेतीन मीटर उंचीचा कांस्य पुतळा स्टेडियमबाहेर त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बसवला. ते स्वतः मात्र त्या स्टेडियममध्ये निरोपानंतर पहिल्यांदा पाऊल टाकताना दिसले ते २६ डिसेंबर २०२२ रोजी, वेस्ट हॅमविरुद्धच्या सामन्याला. ज्या इमारतीच्या कर्जासाठी बँकेने त्यांची सही मागितली होती, तिथे पाहुणा म्हणून यायला त्यांना साडेचार वर्षे लागली.